खडा निघाला, पण नळी आत राहिली

मार्च उलटला, गोदावरीच्या पात्रात वाळू उघडी पडायला लागली, की गंगाखेडच्या दवाखान्यांत कूस धरून येणाऱ्यांची संख्या वाढते. कळ बहुधा पहाटे नाहीतर रात्री उठते. पाठीत बरगडीच्या खालून सुरू होते, पोटाला वळसा घालून जांघेत उतरते. सोबत मळमळ, उलटी, दरदरून घाम. अपेंडिक्स सुजलेला माणूस हालचाल टाळून गुमान पडून राहतो. मुतखड्याचा माणूस मात्र एका जागी ठरत नाही. उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, पुन्हा आडवा होतो. अनुभवी डॉक्टर ही तळमळ बघूनच निम्मं निदान करतात. सोनोग्राफीचा कागद हाती आला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती एमएमचा आहे?’ आणि दुसरा, ‘दुर्बिणीनं निघतो का?’

बहुतेक वेळा निघतो. एके काळी मूत्रपिंडातला खडा काढायचा म्हणजे कुशीवर वीतभर चिरा, कधी बरगडीचा तुकडा काढणं आणि महिना-दीड महिना अंथरूण, असा हिशेब होता. आज तोच खडा टाका न घालता निघतो आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो. ही फार मोठी गोष्ट आहे. पण या सोपेपणाच्या पोटात एक धोका आहे आणि गंगाखेड तालुक्याला तो इतरांपेक्षा जास्त आहे. खडा काढल्यावर मूत्रवाहिनीत बहुधा एक मऊ नळी ठेवतात. ती काही आठवड्यांनी काढायची असते. या तालुक्याचा बालाघाटच्या डोंगरातला भाग, तिथली गावं आणि तांडे दसरा-दिवाळीनंतर कुलपं लावून ऊसतोडीला जातात, ते मार्च-एप्रिलला परततात. नळी काढायची तारीख या मुदतीत आली, तर ती नळी माणसाबरोबर फडात जाते. ती का ठेवतात आणि विसरली तर काय होतं, हे कळायला आधी खडा आणि तो काढायच्या वाटा समजून घेतल्या पाहिजेत.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत शोषून घेतं आणि लिटर-दीड लिटर लघवी उरते. तिच्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड विरघळलेलं असतं. पाणी पुरेसं असेल तर ते तसंच वाहून जातं. पाणी कमी पडलं तर कारखान्यात रस आटवल्यावर साखरेचे कण बांधले जातात, तसे या क्षारांचे कण बांधायला लागतात. लघवीतलं सायट्रेट हे कण धरू देत नाही. ते कमी असलं की खडा लवकर धरतो. पाचातले चार खडे कॅल्शियमचे असतात, तेही बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. उरलेल्यांत युरिक ॲसिडचे, जंतुसंसर्गातून होणारे आणि क्वचित आनुवंशिक दोषातून होणारे सिस्टीनचे.

परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणं नेहमीचं. अशा उन्हात शेतावर, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्याचं पाणी घामावाटेच जातं. लघवी थोडी, गडद पिवळी, जळजळीची होते. आपल्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात आणि ताक, धण्याचं पाणी पिऊन विषय मिटवतात. ऊसतोडीत थंडीच्या दिवसांतही हेच घडतं, कारण पहाटेपासून कोयता चालतो आणि प्यायचं पाणी लांब कोपीवर राहतं. बायकांचं तर अधिकच अवघड. फडात आडोसा नसतो, म्हणून त्या मुद्दाम पाणी कमी पितात आणि लघवी तासन् तास रोखून धरतात. खडा आणि लघवीचा जंतुसंसर्ग या दोन्हींना यातून वाट मिळते. याला त्यांचा निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. कामाच्या जागी प्यायचं पाणी आणि आडोसा देणं हे कारखान्याचं आणि मुकादमाचं काम आहे, आणि ते झालं तर काही शस्त्रक्रिया मुळातच टळतील.

पाण्याचा उपयोग नुसता समजुतीवर उभा नाही. इटलीत पार्मा इथल्या लोरिस बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या रुग्णांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं. त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन लिटरहून जास्त लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत २७ टक्के लोकांना. आता डॉक्टर अडीच लिटर लघवीचं लक्ष्य सांगतात. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार-पाच लिटरही प्यावं लागू शकतं, म्हणून तांबे मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. तो जवळजवळ पाण्यासारखा फिका हवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार असेल, तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

याच बोर्गींच्या २००२ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने आपल्याकडचा एक पक्का समज मोडतो. खड्यात कॅल्शियम आहे, म्हणून दूध-दही बंद करायचं, असं घरोघरी सांगितलं जातं. प्रत्यक्षात नेहमीइतकं कॅल्शियम खाऊन मीठ आणि मांसाहार आटोक्यात ठेवणाऱ्यांना, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा निम्म्यानेच पुन्हा खडे झाले. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध बंद केलं तर ते ऑक्झलेट मोकळं राहून लघवीत उतरतं. तेव्हा वाटीभर दही, ताक खुशाल घ्यावं. हात आखडायचा तो मिठावर, म्हणजे लोणचं, पापड, खारवलेली मिरची आणि भाकरीबरोबर ठेवलेली मिठाची चिमूट. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, ज्यांना वारंवार खडे होतात त्यांनी तो कमी खावा. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो, ही मात्र अफवा. लिंबूपाणी चांगलं, कारण त्यातून सायट्रेट मिळतं. साखर-मीठ बेतानं घालावं, एवढंच.

आता हुलग्याच्या कढणाबद्दल, सराट्याच्या काढ्याबद्दल, पानफुटीच्या पानांबद्दल. मराठवाड्यात हे घरोघरी चालतं आणि ‘आमचा खडा यानेच पडला’ असं शपथेवर सांगणारी माणसं भेटतात. ती खोटं बोलत नसतात. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची मूत्रवाहिनी सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि आतून तीन-चार मिलिमीटर रुंद असते. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे तीनातले दोन तरी आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरमधले साधारण निम्मे पडतात. काढा घेतला किंवा न घेतला, तरी यातले बरेच खडे पडणारच होते. काढ्यासोबत पाणीही पोटात जातं, तो फायदा खरा. पण पंधरा मिलिमीटरचा खडा कोणत्याही पाल्याने विरघळत नाही आणि त्याची वाट पाहण्यात मूत्रपिंड झिजतं. बियरचा सल्ला तर साफ चुकीचा. त्यातून लघवी होते, मागून शरीर कोरडं पडतं, आणि वाट अडलेली असताना वरून लोट सोडला तर कळ वाढते. ऐन कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी ढोसण्यानेही हेच होतं.

औषधाने विरघळतो तो एकच मोठा प्रकार, युरिक ॲसिडचा. लघवीचा आम्लपणा कमी करणारी औषधं नियमित घेतली तर तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरघळू शकतो. साध्या एक्सरेत तो दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतो. म्हणूनच आणि नेमकी जागा व कठीणपणा कळावा म्हणूनही, शस्त्रक्रियेआधी सीटी करायला सांगतात. सोनोग्राफी झालेली असताना सीटी म्हणजे उगाच खर्च, असं रुग्णाला वाटतं. पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेआड दडतो आणि एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची चूकही सहज होते. वाट कोणती घ्यायची हे त्या मिलिमीटरवरच ठरत असेल, तर सीटीचे पैसे वाया जात नाहीत.

वाट पाहायची तर किती? खडा लहान आहे, ताप नाही, दुखणं गोळीने आवरतं, दुसरं मूत्रपिंड चांगलं आहे, अशा वेळी चार आठवडे थांबता येतं. खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी असेल तर टॅमसुलोसिनसारखी गोळी देतात, तिने वाट थोडी सैल पडते. यात सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे कळ थांबणं. दुखायचं थांबलं की खडा पडला, असं माणूस धरून चालतो. पण खडा तिथेच अडकलेला असतानाही कळ थांबू शकते. मागे लघवी साचते, मूत्रपिंड फुगतं, हळूहळू आपलं काम कमी करतं आणि रुग्ण शेतात कामाला लागलेला असतो. महिना-दीड महिन्यापुढे पूर्ण अडलेलं मूत्रपिंड पुन्हा पहिल्यासारखं होईल याचा भरवसा नाही. म्हणून खडा पडताना डोळ्यांनी पाहिला नसेल, तर दुखत नसतानाही पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी. मेडिकलमधून दर चार दिवसांनी डायक्लोफिनॅकची गोळी आणून हा काळ ढकलणं दुहेरी नुकसानीचं आहे. ती गोळी कळ दाबते आणि मूत्रपिंडालाही त्रास देते.

एका परिस्थितीत मात्र एक रात्रही थांबू नये. कुशीत कळ आणि सोबत थंडी वाजून ताप आला, तर अडलेल्या लघवीत पू होत असण्याची शक्यता असते. हे जंतू काही तासांत रक्तात पसरून जीव घेऊ शकतात. अशा वेळी खडा काढायच्या भानगडीत डॉक्टर पडत नाहीत. आधी नळी घालून किंवा पाठीतून सुईने वाट करून साचलेली लघवी मोकळी करतात, अँटिबायोटिक देतात आणि खड्याचं नंतर बघतात. ‘खडा तर काढलाच नाही’ म्हणून नातेवाईक नाराज होतात. त्या घडीला तेच बरोबर असतं. लघवी पूर्ण बंद होणं, एकच मूत्रपिंड असणं, गरोदरपणात कळ येणं, याही वेळा लगेच धाव घेण्याच्या.

खडा काढायचा प्रयत्न माणूस फार जुन्या काळापासून करत आला आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीसाठी शस्त्रक्रिया सविस्तर सांगितली आहे. गुदद्वाराच्या पुढे, मधल्या रेषेच्या डावीकडे यवभर जागा सोडून छेद घ्यायचा आणि मूत्राशयातला खडा बाहेर ओढायचा. हे करण्याआधी राजाची परवानगी घ्यावी असंही तिथे म्हटलं आहे, कारण शस्त्र न लावलं तर मरण ठरलेलं आणि लावलं तर जगण्याची शंका. चिरा न देता खडा फोडण्याची युक्ती पॅरिसच्या जाँ सिव्हियाल यांनी १८२४ मध्ये माणसावर यशस्वी करून दाखवली. मूत्रमार्गातून उपकरण घालून त्यांनी मूत्राशयातला खडा आतल्या आत फोडला, तोही अंदाजाने, कारण आत बघायला काही नव्हतं. आत उजेड नेऊन बघायचं साधन मॅक्स निट्झे यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस तयार केलं. पण मूत्राशयाच्या वर, बोरूएवढ्याही नसलेल्या मूत्रवाहिनीत शिरून नेमाने काम करता येईल अशी लांब दुर्बीण स्पेनच्या एन्रिके पेरेझ-कास्त्रो यांच्या प्रयत्नांतून १९८० मध्ये हाती आली. ज्या शस्त्रक्रियेला आज आपण नेहमीची म्हणतो, तिचं वय इतकंच आहे.

ती प्रत्यक्षात कशी चालते? कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्णाचे पाय वर आधारावर ठेवतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीची लांब दुर्बीण मूत्रमार्गातून मूत्राशयात जाते. मूत्राशयाच्या तळाशी दोन बारीक छिद्रं दिसतात, डाव्या-उजव्या मूत्रवाहिनीची तोंडं, आणि थोडं थांबलं तर त्यांतून लघवीची चिळकांडी येताना दिसते. त्यातल्या एकात आधी लवचिक तार सरकवतात. ही तार शेवटपर्यंत हलवायची नाही, कारण काही बिघडलं तर परतीची वाट तीच. तारेच्या आधाराने दुर्बीण वर चढते, सलाइनची धार सतत चालू असते आणि पडद्यावर गुलाबी भिंत सरकत जाते. मग वाटेत पिवळट-तपकिरी, खरखरीत खडा आडवा दिसतो, आजूबाजूची भिंत सुजून लाल झालेली. दुर्बिणीच्या आतल्या पोकळीतून लेझरचा तंतू पुढे येतो. तो मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा. होल्मियम लेझरची ऊर्जा पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच विरून जाते, म्हणून टोक खड्यावर टेकलेलं असेपर्यंत भिंत सुरक्षित राहते. खड्याचा भुगा होऊन सलाइनबरोबर वाहतो. मोठे तुकडे तारेच्या इवल्या जाळीत पकडून बाहेर काढतात. जिथे लेझर नाही तिथे हवेच्या दाबावर ठोके देणाऱ्या सळईने खडा फोडतात. तेही चांगलं साधन आहे. फक्त ठोक्याने खडा कधी कधी वर मूत्रपिंडात पळतो.

मूत्रपिंडातच असलेल्या खड्यासाठी वाकणारी दुर्बीण लागते. तिचं टोक बाहेरून खटका दाबला की मागे वळून स्वतःच्या वाटेकडे बघू शकेल इतकं वळतं, त्यामुळे मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातही पोहोचता येतं. आरआयआरएस म्हणतात ती हीच. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांना ही चांगली. काही रुग्णांत मात्र मूत्रवाहिनी इतकी अरुंद असते की दुर्बीण वर जातच नाही. जोर केला तर ती फाटते. समजूतदार सर्जन तिथे थांबतो, नळी ठेवतो आणि दोन आठवड्यांनी यायला सांगतो, कारण तेवढ्यात नळीमुळे वाट आपोआप रुंदावते. रुग्णाला वाटतं ऑपरेशन फसलं. खरं तर त्या डॉक्टरने हात आखडला म्हणून मूत्रवाहिनी वाचली, आणि हे शस्त्रक्रियेआधीच नीट समजावून सांगितलं तर पुढचा गैरसमज टळतो.

दोन सेंटिमीटरच्या वरचे खडे, कप्प्याकप्प्यांत फांद्या फुटलेले खडे यांना पाठीतून जावं लागतं. याला पीसीएनएल म्हणतात. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी १९७६ मध्ये या रीतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाला पालथं निजवतात, एक्सरेच्या किंवा सोनोग्राफीच्या मदतीने सुई नेमकी मूत्रपिंडाच्या ठरलेल्या कप्प्यात घालतात. सगळं कौशल्य या सुईत आहे. ती कप्प्याच्या टोकातून गेली तर रक्तस्राव कमी, कप्प्यांमधल्या देठातून गेली तर मोठी रक्तवाहिनी फुटू शकते. मग सुईची वाट रुंद करत आठ-दहा मिलिमीटरची करतात, त्यातून दुर्बीण घालतात आणि खडा फोडून तुकडे बाहेर ओढतात. आता ‘मिनी’ प्रकारात ही वाट पाच-सहा मिलिमीटरवर आली आहे. गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमध्ये महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी तर २०११ मध्ये दीड मिलिमीटरच्या आसपासच्या सुईतूनच बघून खडा फोडायची रीत मांडली. लहान वाट म्हणजे रक्त कमी, पण वेळ जास्त. मोठ्या खड्याला लहान वाटेचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

चौथी वाट दुर्बिणीविना. जर्मनीत म्युनिकला ख्रिस्तियान शॉसी यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा खडा शरीराबाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी फोडला. यंत्र डॉर्निए या विमान बनवणाऱ्या कंपनीचं होतं. वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूत लहरी पसरतात, या निरीक्षणापासून ते काम सुरू झालं होतं. भूल जवळजवळ नाही, चिरा नाही, पण फुटलेले तुकडे रुग्णाने स्वतःच लघवीतून पाडायचे असतात. खडा फार कठीण असेल किंवा खालच्या कप्प्यात असेल तर निकाल कमी. लेझर स्वस्त आणि सुलभ होत गेला तसा याचा वापर घटला. लहान, मऊ, सोयीच्या जागी असलेल्या खड्याला ही वाट आजही विचारण्याजोगी आहे.

कोणत्याही वाटेआधी लघवीचं कल्चर झालंय का, हे विचारावं. लघवीत जंतू असताना दाबाने सलाइन सोडलं तर ते रक्तात जातात आणि साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आयसीयूत जाण्याचं मुख्य कारण हेच असतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगावी.

खर्चाचं म्हणाल, तर मुतखड्याच्या या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आहेत. राज्य सरकारने २०२३ मध्ये ही योजना सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू करून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासून घेऊन पुढे परभणी, नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईकडे जाताना ते रुग्णालय योजनेत आहे का आणि खड्याची शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होते का, हे आधी विचारावं. तिथल्या आरोग्यमित्राशी बोलावं. रेशनकार्ड आणि आधार नेलं नाही म्हणून परत फिरावं लागणं, हे लांबच्या तांड्यावरून आलेल्याला एका दिवसाच्या मजुरीला पडतं.

आता त्या नळीकडे येऊ. दुर्बीण जाऊन आली की मूत्रवाहिनी आतून सुजते. सूज चढली, त्यात बारीक तुकडे अडकले, तर पुन्हा तीच कळ आणि तोच अडथळा. म्हणून आत ती नळी, म्हणजे डीजे स्टेंट, ठेवतात. १९७८ मध्ये अमेरिकेचे रॉय फिनी यांनी या घडणीची नळी मांडली. मोठ्या माणसात ती साधारण २४ ते २६ सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटरच्या आसपास जाड. दोन्ही टोकं वळवलेली असतात. वरचं वेटोळं मूत्रपिंडात बसतं, खालचं मूत्राशयात, त्यामुळे ती खाली घसरत नाही की वर सरकत नाही. ती असेपर्यंत लघवीला वारंवार लागते, लघवी करताना कुशीत दुखतं आणि ओझं उचललं, वाकून काम केलं की लघवी लालसर होते. हे अपेक्षित असतं, पाणी जास्त प्यायलं की कमी होतं. काही दिवसांत माणसाला याची सवय होते, काहींना तर नळीची जाणीवही उरत नाही. सगळा घोटाळा इथेच होतो.

साध्या दुर्बिणीनंतर ही नळी एक ते चार आठवड्यांत काढतात. काही कारणाने ठेवावी लागली तरी तीन महिन्यांच्या आसपास ती काढायची किंवा बदलायची. त्यापुढे लघवीतले क्षार नळीवरच बसायला लागतात. ज्याच्या लघवीत खडे धरायची प्रवृत्ती आहे, त्याच्याच आत आपण खडा धरायला जागा ठेवलेली असते. सहा महिन्यांत दोन्ही वेटोळ्यांवर खडे बांधलेले सापडू शकतात. वर्षभरात प्लास्टिक कडक होतं, ओढताना मध्येच तुटतं. मग जी नळी पाच-दहा मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी वरून पीसीएनएल, खालून मूत्राशयातला खडा फोडणं आणि मधल्या नळीसाठी लेझर, अशा दोन-तीन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. काहींचं तोवर ते मूत्रपिंडच गेलेलं असतं. एवढं होईपर्यंत रुग्णाला फारसं दुखलेलंही नसतं.

गंगाखेड तालुक्यातल्या ऊसतोड कामगाराचं वेळापत्रक यावर ठेवून पाहा. पावसाळ्यानंतर कळ आली, सप्टेंबर-ऑक्टोबरला शस्त्रक्रिया झाली, खडा निघाला, दुखणं थांबलं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, गाडी येऊन उभी. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेली एक ओळ असते, त्यात ‘स्टेंट’ हा शब्द आणि एक तारीख. ती कुणी वाचून दाखवली नाही, तर ‘ऑपरेशन झालं’ एवढंच घरात माहीत राहतं. नळी निघेपर्यंत उपचार पूर्ण झालेला नाही, हे सांगणं डॉक्टरांचं आणि परिचारिकेचं काम आहे, आणि ते मराठीत, गोरमाटीत, बाईसमोर आणि बुवासमोर दोघांसमोर सांगितलं पाहिजे. तारीख देताना ‘एक महिन्याने या’ असं म्हणण्याआधी ‘तुम्ही तोडीला कधी निघणार?’ हे विचारावं. खडा साधा असेल, वाट स्वच्छ असेल, तर काही रुग्णांत नळी ठेवावीच लागत नाही, किंवा बाहेर दोरा ठेवलेली नळी चार-पाच दिवसांत रुग्णालयातच ओढून काढता येते. हंगामाच्या तोंडावर आलेल्या रुग्णासाठी या पर्यायांचा विचार व्हायला हवा. गावातल्या आशाताईंच्या वहीत गरोदर बायांची आणि लसीकरणाची नोंद असते. त्याच वहीत ‘कुणाच्या पोटात नळी आहे, कधी काढायची’ यासाठी एक पान असावं, असं मला मनापासून वाटतं.

फडात गेल्यावरही वेळ गेलेली नसते. नळी जिथे घातली तिथेच काढली पाहिजे, असं काही नाही. मूत्राशयात बघायची दुर्बीण आणि ती हाताळणारा डॉक्टर असलेल्या कोणत्याही रुग्णालयात ती निघते. कोल्हापूर, मिरज, सोलापूर इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि ऊसतोडीच्या टोळ्या नेमक्या त्याच पट्ट्यात असतात. बधिर करणारी जेली मूत्रमार्गात सोडतात, दुर्बीण मूत्राशयात नेतात, वेटोळं चिमट्यात धरतात आणि नळी बाहेर येते. बहुतेकांना भुलीचीही गरज लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी परत जातो. सोबत डिस्चार्ज कार्ड हवं, कागद भिजतो-फाटतो म्हणून त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

आणि ज्यांची शस्त्रक्रिया वर्ष-दोन वर्षांपूर्वी झाली, कार्ड हरवलं, नळी घातली होती की नाही, काढली की नाही, हेच आठवत नाही, त्यांनी पोटाचा एक साधा एक्सरे काढून घ्यावा. या नळ्या एक्सरेत दिसतील अशाच बनवलेल्या असतात. आत असेल तर कण्याच्या बाजूने उतरणारी पांढरी रेघ आणि तिच्या दोन टोकांना दोन वेटोळी स्वच्छ दिसतात.